गौर कोणत्या पाणवठ्यावरून आणावी?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी सणावारांच्या जुन्या चालीरीतींवर मी काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. लिहिण्याची मला सवय नाही. परंतु यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यात जो वाद रंगला, तो काही माझ्या मनातून जाईना. एक भगिनी म्हणाल्या, "सण आटोपशीर केले नाहीत, तर नोकरी करणाऱ्या सुना ते मुळीच करणार नाहीत." दुसऱ्या म्हणाल्या, "एकदा सोडायला लागले, की शेवटी हाती काहीच उरत नाही." बोलताना दोघींचाही गळा दाटून आला होता. मी मात्र त्या दिवशी गप्प राहिले. कारण ह्या वादाच्या दोन्ही बाजूंना मी स्वतः उभी राहून आलेली आहे. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगाने आपल्या ह्या भागाचा थोडा इतिहासही सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

माझे माहेर उलव्याच्या डोंगराच्या पायथ्याशी होते. 'होते' असे लिहिताना आजही हात अडखळतो. पुढे खाडी, मागे डोंगर, मधे भातखाचरे आणि मिठागरे, असे ते गाव. त्या वेळी आमचा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडे. त्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. १९७६ साली लग्न होऊन मी बेलापुरात आले. तेव्हा माहेरी जायचे तर होडीने खाडी ओलांडावी लागे. ओहोटी लागली असेल, तर साडी गुडघ्यापर्यंत धरून चिखल तुडवावा लागे. तरीही गौरी-गणपतीला मी कधी चुकले नाही.

आमच्या घरी चुली चार आणि गणपती एक, अशी रीत होती. वडील व तिघे काका वेगळे राहत असत, पण गणपती आजोबांच्या मूळ घरात, त्यांनी करवून घेतलेल्या सागवानी पाटावरच बसे. खर्चाची व नैवेद्याची पाळी दरवर्षी एकेका घराकडे जाई. मूर्ती पेणहून आणली जाई. वडील आदल्या दिवशी जात आणि मूर्ती मांडीवर घेऊन एस. टी.ने येत. वाटेत कोणी कितीही आग्रह केला, तरी मूर्ती दुसऱ्याच्या मांडीवर देत नसत.

गणपती हा असा पुरुषमंडळींचा. परंतु गौर मात्र आम्हा माहेरवाशिणींची. डोंगरातून येणाऱ्या ओहोळाच्या काठी, शेताच्या बांधावर तेरडा माजलेला असे. आम्ही बहिणी तो मुळासकट उपटून पाणवठ्यावर धूत असू, हळदकुंकू लावीत असू, आणि घरातली एखादी कुमारिका ती गौर घेऊन, एक शब्दही न बोलता, घरापर्यंत चालत येई. उंबऱ्यावर आई तिच्या पायांवर पाणी घाली. दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असे. तांदळाची भाकरी, खाडीतली कोळंबी, चिंबोरीचे कालवण. तो नैवेद्य दाखविताना गणपतीपुढे पडदा ओढला जाई. रात्री फेर धरून गाणी होत. माहेरवाशीण जे खाते तेच गौर खाते, असे आमची आई म्हणे.

आता थोडा इतिहास. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले. त्यासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन योजनेत आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. १९९२ साली त्याच खाडीवरून मानखुर्दहून वाशीपर्यंत आगगाडी आली, आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. आपल्यापैकी अनेकजणी ह्याच पुलावरून ह्या शहरात आल्या. तुमच्यासाठी हा नव्या संसाराचा रस्ता होता. आमच्यासाठी मात्र तोच रस्ता शेतातून गेलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि शेजारणी म्हणून त्या एकमेकींना ठाऊक असाव्यात.

जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून येथील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले, त्यामागे हे बलिदान आहे. माझे धाकटे काका त्या आंदोलनात होते. ते घरी परत येईपर्यंत आमच्या चारही चुली पेटल्या नव्हत्या, असे आई सांगे.

जमीन गेली की सण लगेच जातो, असे मात्र नाही. तो हळूहळू, एकेका धाग्याने उसवत जातो. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधीत असत. खाऱ्या जमिनीत येणारे तांबडे राता भात आमच्या खाचरांत पिकत असे. शेती थांबली, आणि एका वर्षी दसऱ्याच्या सकाळी वडील पनवेलच्या बाजारातून लोंब्यांची जुडी विकत घेऊन आले. ती बांधताना ते कोणाशी बोलले नाहीत. स्वतःच्या शेतातले पहिले दाणे देवाला देणे, हा त्या विधीचा अर्थ. विकत आणलेल्या लोंब्यांत तो अर्थ कोठे राहिला? तरीही त्यांनी मरेपर्यंत लोंब्या बांधल्या. त्यांच्यानंतर माझ्या भावाने ती चाल सोडली, तेव्हा मी त्याला पुष्कळ बोलले. आज वाटते, वडिलांचे बांधणेही बरोबर होते आणि भावाचे सोडणेही चुकीचे नव्हते. एकाने आठवण राखली, आणि दुसऱ्याने ती आठवण नुसता देखावा होऊ दिली नाही.

पुढे विमानतळ आला. ११६० हेक्टरांवरील ह्या विमानतळासाठी आमच्या भागातील दहा वस्त्या उठणार, हे आम्ही कैक वर्षे ऐकत होतो. आणि ऐकून ऐकून ते कधी होणारच नाही, असेही वाटू लागले होते. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी विमानतळाची पायाभरणी झाली. उलव्याचा डोंगर सुरुंग लावून कापला जाऊ लागला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. लोकांना घरांसाठी वडघर, करंजाडे, उलवे ह्या परिसरात भूखंड मिळाले. आमच्या चार चुलींचे भूखंड एका ओळीत आले नाहीत. एक घर इकडे, दुसरे तिकडे, मधे रिक्षाचे भाडे!

२०१८चा गणपती मूळ घरातला शेवटचा, हे सर्वांना माहीत होते. त्या वर्षी मुंबईहून, पुण्याहून, सगळी पोरेबाळे आली. गौर आणण्यासाठी आम्ही निघालो, तर ओहोळाला पूर्वीचे पाणी नव्हते. काठावर दगडांची भुकटी बसली होती. तेरडा मात्र तसाच फुलला होता. विसर्जनानंतर पाट कोरडा करून आईने तो जुन्या लुगड्यात गुंडाळला. वर्ष संपण्याच्या आत घर पाडले गेले. दाराची चौकट, देव्हारा, पाटा-वरवंटा आणि तो पाट, एवढेच काय ते टेम्पोत चढले.

आणि मग २०१९च्या श्रावणात आमच्या घरात भांडण झाले. भाऊ व चुलतभाऊ म्हणाले, आता ज्याने त्याने आपापला गणपती आपापल्या घरी, दीड दिवसाचा बसवावा. मी म्हणाले, अजिबात नाही! मूळ घर गेले म्हणून मूळ गणपतीही मोडायचा? आजोबांचा पाट आहे, पाळी आहे, रीत आहे. मी फार बोलले. "घर सरकारने घेतले, गणपती तुम्ही घालवता आहात," असेही बोलून गेले.

माझी धाकटी वहिनी कधी उलट बोलत नसे. ती भाकऱ्या थापीत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्स, तुम्ही गौरीला दोन दिवस येता. त्या दोन दिवसांसाठी आम्ही महिनाभर आधी रंग काढतो, चाळीस माणसांचे करतो, आणि मग कामावर बिनपगारी रजा घेतो. गाव होते तेव्हा बाजूच्या दहा बायका पीठ मळायला येत. आता शेजारी कोण आहे ते मला अजून माहीत नाही. रीत तुमची, आणि राबणे माझे."

भगिनींनो, हे ऐकून मला राग आला. मी तशीच उठून बेलापूरला आले, आणि त्या वर्षी गणपतीला माहेरी न जाण्याचे ठरविले. परंतु रात्री झोप येईना. तिच्या बोलण्यात खोटे काय होते? मी ज्या रीतीसाठी भांडत होते, ती रीत दहा बायकांच्या हातांवर उभी होती. गाव उठले तेव्हा ते हातही पांगले. माझ्या डोळ्यांपुढे पाट होता. तो पाट ज्यांनी उचलून धरला होता, ती माणसे मी पाहिलीच नव्हती.

चार दिवसांनी आईचा निरोप आला. आईने तेव्हा ऐंशी ओलांडली होती. मी गेले, तेव्हा ती नव्या घराच्या गच्चीवर बसून समोरचा कापलेला डोंगर बघत होती. मी रडत विचारले, "आये, आता गौर कुठून आणायची? ओहोळ नाय, बांध नाय." ती म्हणाली, "जया पानी तया गौर, बाय." म्हणजे जेथे पाणी तेथे गौर.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. तिच्या सासऱ्यांचे आजोबा मुळी त्या गावचे नव्हतेच. खाडीकाठी दुसरीकडे त्यांची खारजमीन होती. एका पावसाळ्यात उधाणाने बांध फुटला, खारे पाणी शिरले, आणि पिके घेता येईनात, म्हणून ते डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिले. आधीच्या जागी गौर तळ्यावरून आणीत. इथे तळे नव्हते, म्हणून ओहोळावरून आणू लागले. आईच्या सासूच्या वेळी गणपती दहा दिवसांचा होता. एका वर्षी आजारपणे आणि अवर्षण एकदम आले, म्हणून तो गौरीबरोबर जाऊ लागला. "तेव्हाही कोणीतरी रडलीच असंल," असे आई म्हणाली.

मी ज्याला अनादी समजत होते, ते चार पिढ्यांचे होते. आणि त्या प्रत्येक पिढीने काहीतरी सोडूनच ते पुढे आणले होते. सार्वजनिक गणेशोत्सवाचेच पाहा ना! लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने तो रुजला, त्याचा आरंभ १८९३ सालचा. गिरगावातील केशवजी नाईक चाळीतला उत्सवही त्याच वर्षीचा. आज आपल्याला तो किती जुना वाटतो! पण तेव्हाच्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांना देव असा चव्हाट्यावर आणणे विचित्र वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

अखेर आईने निवाडा दिला तो असा: गणपती ज्याने त्याने आपल्या घरी, झेपेल तेवढ्या दिवसांचा बसवावा. गौर मात्र चारही घरांची मिळून एकच असावी, आणि ती दरवर्षी पाळीने एकेका घरी जावी. ज्या घरी गौर, त्या घरी त्या वर्षी आजोबांचा पाट. स्वयंपाक त्या घरच्या बाईने एकटीने करावयाचा नाही. प्रत्येक घराने आपापला डबा घेऊन यावयाचे, आणि माहेरवाशिणींनीही पाहुण्यासारखे न बसता भांड्यांना हात लावावयाचा. हे शेवटचे कलम माझ्याकडे पाहून सांगितले होते!

पहिली पाळी धाकट्या वहिनीची आली. आदल्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, मी रिकाम्या होत चाललेल्या गावात एकदा गेले होते, आणि बांधावरच्या तेरड्याची पिकलेली बोंडे पदरात घेतली होती. हात लागला की बोंड फुटते आणि बी उडते. निम्मे बी तेथेच सांडले. जे हाती लागले ते मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवले होते. २०१९च्या पावसाळ्यात ते बी तेलाच्या रिकाम्या डब्यांत रुजविले. त्या वर्षीची गौर माझ्या गच्चीतल्या डब्यांतल्या तेरड्याची होती. ती वहिनीच्या दाराशी नळाखाली धुतली, आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीने ती घरात नेली. न बोलण्याचा नियम तिला जिन्यापर्यंतच पाळता आला. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिने तीन प्रश्न विचारले. आई हसली आणि म्हणाली, "गौरच बोलली समज."

पुढच्याच वर्षी, २०२० साली, कोरोनाने सर्वांचीच दारे बंद केली. शासनाने घरगुती मूर्ती दोन फुटांची व सार्वजनिक चार फुटांची असावी असे ठरविले. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसविता रक्तदानाचा उपक्रम केला. आम्ही चार घरांनी चार ठिकाणी चार डहाळ्या तेरडा ठेवला. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. त्या वर्षी तो तीन दिवसांचा रंगही पुरेसा वाटला. आई २०२२ साली गेली. सुतकामुळे त्या वर्षी गणपती बसला नाही; त्याच्या पुढल्या वर्षी बसला.

आता जे मला ह्यातून उमगले, ते थोडक्यात सांगते. पहिली गोष्ट ही, की सोडणे आणि हिसकावले जाणे ह्यांत फार अंतर आहे. आमचे गाव आम्ही सोडले नाही, ते गेले. ते दुःख खरे आहे, आणि "काळाबरोबर चालावे" असे कोणी सहज म्हटले, तर ते मला आजही रुचत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला; कोयनेचे धरण झाले तेव्हा साताऱ्याकडील गावे उठून लोक थेट आपल्या रायगड-ठाण्यापर्यंत येऊन वसले. आपल्या मंडळातील एक भगिनी त्यांपैकीच आहेत. पाण्याखाली गेलेल्या गावाच्या देवीची ओटी त्या आजही येथूनच, त्या दिशेला तोंड करून भरतात. त्यांना "जाऊ द्या हो" असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी गोष्ट ही, की आपल्या हाती असलेले सोडताना आधी पाहावे, की ही रीत कोणाच्या पाठीवर उभी आहे. ती एकटीच्या पाठीवर असेल, तर वाटून घ्यावी. वाटून घेता येत नसेल, तर खुशाल लहान करावी. आणि तिसरी, की सगळे राखू गेले तर सगळेच निसटते. एखादीच गोष्ट घट्ट धरावी. आमच्या घराने गौर धरली. दुसऱ्या कोणी फराळातली एक करंजी धरील, कोणी एक ओवी धरील. गिरगावातून आलेल्या आपल्या एक भगिनी चाळीतला आकाशकंदील आजही घरीच, काड्या बांधून करतात. फराळ मात्र त्या बचत गटाकडून घेतात आणि ते मोकळेपणाने सांगतातही. मला त्यांचे फार कौतुक वाटते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. माझा नातू मोठ्या हौसेने मला ती दाखवितो. कोणते विमान कोठे चालले हे तो सांगतो. आणि जमिनीवर कोठे काय होते ते मी सांगते. धावपट्टीच्या बाजूला बोट दाखवून मी म्हणते, येथे कोठेतरी आमचा ओहोळ होता. तो विचारतो, "मग गौर विमानाने येते का?" ह्या प्रश्नाला मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

शेवटी एक सूचना करते. आपल्या मंडळात कोकणातल्या, घाटावरच्या, गावठाणातल्या, चाळींतल्या, अशा नाना ठिकाणच्या भगिनी आहेत. प्रत्येकीने आपल्या घरची एकेक रीत मंडळाच्या वहीत लिहून द्यावी: ती कशी होती, तिच्यातले काय सुटले, काय राखले, आणि ती राखताना राबते कोण. हे शेवटचे लिहिण्यास विसरू नये. आपल्या नाती ही वही उघडतील, तेव्हा त्यांना रिवाजांची यादी मिळेलच; शिवाय आपण काय विचार करून चाललो, तेही कळेल.

तेरड्याचे बी माझ्याकडे पुष्कळ साठले आहे. वर्धापनदिनाच्या दिवशी पुड्या बांधून आणीन. ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की डब्यात टाकावे, गौरीपर्यंत फुलते.